जोडनळी उघडी, जोडनळी बंद : इंटरसेप्टरच्या क्रॉसओव्हरच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

गाडी : रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५० मोटरसायकल, २०१९ची, एमएच-१३ म्हणजे सोलापूर पासिंग. ६४८ सीसी, दोन सिलिंडर शेजारी-शेजारी, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) २७० अंशांची. कंपनीच्या कागदावर ४७ हॉर्सपॉवर ७२५० आरपीएमला आणि ५२ न्यूटन-मीटर ५२५०ला. दोन बाजूंना दोन सायलेन्सर आणि खाली दोन्ही बेंड पाईप (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारे वाकडे पाईप) जोडणारी एक आडवी नळी, हीच जोडनळी किंवा क्रॉसओव्हर. सगळ्या नोंदी त्या आडव्या नळीबद्दल आहेत.

निमित्त असं की ओळखीतल्या एकाने गाडी विकली आणि त्याच्याकडचा बाहेरचा, म्हणजे कंपनीचा नसलेला, बेंड पाईप सेट पडून होता. स्टेनलेसचा, एका पत्र्याचा, कॅटलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारी जाळी, थोडक्यात कॅट) नसलेला. जोडनळी कंपनीपेक्षा मोठी आणि सुटी निघणारी, दोन स्प्रिंगांवर बसवलेली. तो म्हणाला, ‘पिकअप बघ बे नुसता, गाडी हातातून सुटते.’ हे वाक्य प्रत्येक सायलेन्सरबद्दल ऐकलंय. पण नळी सुटी निघते हे ऐकून मात्र मी तयार झालो.

कारण साधं आहे. असा सेट बसवला की कॅट जातो, पाईपचा व्यास बदलतो, वजन बदलतं आणि जोडनळीही बदलते, सगळं एकाच वेळी. मग गाडी पळाली तर श्रेय कोणाला द्यायचं? या सेटवर जोडनळीच्या तोंडाशी पत्र्याची चकती घालून ती बंद करता येईल. म्हणजे तीन अवस्था मिळतात : कंपनीचा पाईप, बाहेरचा पाईप नळी उघडी, बाहेरचा पाईप नळी बंद. दुसरी आणि तिसरी यांच्यातला फरक फक्त जोडनळीचा.

सायलेन्सर, एअर फिल्टर आणि ईसीयू (पेट्रोल किती द्यायचं ते ठरवणारा संगणक) तिन्ही वेळा कंपनीचेच राहतील. पेट्रोल एकाच पंपावरचं. टायरची हवा निघण्याआधी थंड असताना तपासायची.

७ जानेवारी

कंपनीच्या पाईपवर आधाररेषा, म्हणजे पुढच्या तुलनेसाठी पहिलं माप, घेतली. जागा : हैदराबाद रस्ता, बोरामणीच्या पुढचा सपाट पट्टा. पाचव्या गिअरमध्ये ५० वर स्थिर, मग थ्रॉटल पूर्ण उघडून ८० पर्यंत. मोबाइल टाकीवर बांधून मीटरचं चित्रीकरण आणि घरी येऊन फ्रेम मोजायच्या. सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची. मीटर काट्याचा आहे, काटा ८० च्या रेघेवर नेमका कधी आला यात दोन-तीन फ्रेम इकडे-तिकडे होतातच. त्याहून लहान फरक मी फरक धरणार नाही. दोन्ही दिशांनी पळवायची आणि सरासरी घ्यायची, कारण वारा.

वेळ पहाटेची ठरवली, ती रहदारीपेक्षा तापमानासाठी. १५ अंशांची हवा आणि ३५ अंशांची हवा यांच्या घनतेत साडेसहा टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. इंजिनात जाणारा ऑक्सिजन तेवढाच कमी-जास्त. जानेवारीत सोलापुरात पहाट आणि दुपार यांच्या तापमानात बरंच अंतर असतंच. म्हणजे सकाळी एक पाईप आणि दुपारी दुसरा तपासला तर पाईपऐवजी ऊन मोजलं जाईल. ‘पाईप टाकला आणि गाडी मोकळी झाली’ म्हणणारे निम्मे लोक संध्याकाळी गार हवेत घरी जात असतात, असा माझा संशय आहे.

आवाजासाठी मोबाइलचं अ‍ॅप. सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटर, ४५ अंशांत, इंजिन कमाल ताकदीच्या आरपीएमच्या निम्म्यावर. आपल्या गाडीला ३६०० च्या जरा वर. उभ्या गाडीची चाचणी अशीच करतात. मोबाइलच्या माइकचा आकडा खरा धरायचा नाही. तोच मोबाइल, तीच भिंत, तीच जागा ठेवली तर फरक तेवढा विश्वासाचा.

११ जानेवारी

गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेची, तयारी. होम मैदानाकडचे रस्ते अडले, गॅरेजमधली अर्धी पोरं नंदीध्वजाच्या सरावाला. संक्रांत होईपर्यंत काम बंद. तेवढ्यात कागदावरचं गणित उरकतो.

चार स्ट्रोकच्या इंजिनात एक सिलिंडर क्रँकच्या ७२० अंशांत एकदा पेटतो. २७०च्या क्रँकमध्ये पहिल्यानंतर दुसरा २७० अंशांनी पेटतो आणि मग पहिल्याची पाळी ४५० अंशांनी येते. म्हणून त्या गाडीचा ठेका लंगडा आहे. ३००० आरपीएमला २७० अंश म्हणजे १५ मिलिसेकंद, ४५० अंश म्हणजे २५. एका सिलिंडरचा धक्का बाहेर पडतो तेव्हा दुसऱ्या बाजूचा सायलेन्सर जवळपास रिकामाच बसलेला असतो. जोडनळी नसेल तर तो रिकामा बसून राहतो आणि एकट्या बाजूला सगळा दाब झेलावा लागतो. नळी असली की धक्का दोन वाटांनी जातो. पहिलं काम हे : त्याच दोन सायलेन्सरांची जागा प्रत्येक सिलिंडरला दुप्पट मिळते. आवाज कमी होतो तो यामुळे.

दुसरं काम लाटेचं. वायूचा धक्का पाईपमधून जाताना अचानक मोकळी जागा भेटली की तिथून उलटी, कमी दाबाची लाट मागे फिरते. ती एक्झॉस्ट व्हॉल्व्हपाशी योग्य क्षणी पोचली तर उरलेला धूर ओढून काढते. जोडनळीचा फाटा ही अशीच मोकळी जागा. एक्झॉस्टच्या गरम वायूत, समजा ४५० अंश सेल्सिअसला, आवाजाचा वेग सेकंदाला ५४० मीटर धरू. सेटवर पोर्टपासून, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर पडतो त्या तोंडापासून, फाट्यापर्यंत साधारण अर्धा मीटर आहे. जाऊन येऊन एक मीटर, म्हणजे १.८५ मिलिसेकंद. ३००० आरपीएमला तेवढ्यात क्रँक ३३ अंश फिरते, ६०००ला ६७. लाट पोचायची वेळ ठरलेली, क्रँकची मात्र आरपीएमनुसार बदलती. म्हणून जोडनळी सगळ्या आरपीएमला सारखा फायदा देऊच शकत नाही. कुठे ओढेल, कुठे आड येईल. ती कुठे बसवली यावर ते ठरतं, आणि ‘मोठी नळी म्हणजे जास्त ताकद’ हा हिशोब इथेच मोडतो.

१९ जानेवारी, रविवार

सेट चढवला. मिस्त्री अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीजवळचे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. घरी तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, पान्याशी कन्नडमध्ये बोलतात.

कंपनीचा पाईप काढताना स्टडवर आदल्या रात्रीच पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवलं होतं. नट न कुरकुरता सुटले. काढलेला पाईप उलटा करून आत बॅटरी मारली. बाहेरून तो अंगठ्याला जाड लागतो, पण भिंत दुहेरी आहे. वायूची खरी वाट आतल्या नळीची, म्हणजे बाहेरच्या मापापेक्षा बरीच अरुंद. दोन भिंतींमधल्या पोकळीमुळे बाहेरचा क्रोम निळा पडत नाही आणि नडगीला चटका कमी. बाहेरच्या मापावरून ‘कंपनीचाही पाईप जाडच आहे की’ म्हणणाऱ्याने एकदा असा उलटा करून बघावा. बाहेरच्या सेटची मुख्य नळी आतून ३५ मिलिमीटर, जोडनळी ३२. व्यासात तीनच मिलिमीटरचा फरक, पण क्षेत्रफळ मुख्य नळीच्या ८४ टक्के. जवळजवळ पूर्ण उघडा फाटाच म्हणायचा.

बसवताना पोर्टच्या गॅस्केट नव्या घातल्या, जुन्या एकदा दबल्या की पुन्हा धरत नाहीत. नट दोन्हीकडून आळीपाळीने थोडे-थोडे. चालू करण्याआधी अण्णांनी सगळा पाईप थिनरच्या फडक्याने पुसायला लावला. ‘बोटाचा ठसा राहिला तर भाजून तसाच बसतो बघा, मग घासून घासून मरा.’ पाच मिनिटं आयडलवर ठेवली. पोर्टजवळचा वाक आधी फिकट पिवळा झाला, मग थोडं फिरवून आल्यावर गवती सोनेरी. स्टेनलेसचा रंग म्हणजे फुकटचं थर्मामीटर : फिकट पिवळा २९० अंशांच्या आसपास, तपकिरी ३९०, जांभळट ४५०, निळा ५४०. दोन्ही बाजूंचा रंग सारखा चढला म्हणजे दोन्ही सिलिंडर सारखे जळतायत. चढला.

आवाज जाड झाला, वाढलाही. थ्रॉटल सोडला की फटाके.

‘अण्णा, हे फटाके कशाचे?’
‘गिऱ्हाइकाला आवडतात. आवाज वाढला की ताकद वाढली असं वाटतं. वाटू द्यायचं.’

मला वाटून चालणार नव्हतं.

२२ जानेवारी

फटाक्यांचा छडा. थंड इंजिन चालू केलं, दोन्ही सायलेन्सरच्या तोंडावर ओला टॉवेल दाबला, साबणाचं पाणी सांध्यांवर शिंपडलं. डावीकडच्या जोडनळीच्या सांध्याला बुडबुडे. बॅटरी लावून पाहिलं तर तिथे केसाएवढी काळी रेघ, काजळीची, सांध्यापासून मागच्या बाजूला पसरत गेलेली. वायू तिथून निसटत होता. व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावला : नळीचं तोंड गोल नाही, अंडाकृती. बनवणाऱ्याने वेल्डिंग करताना पकड न लावता टाके मारले असणार, तापून आकसलं.

गळतीमुळे नुसता आवाज होतो असं समजू नये. एक्झॉस्टमध्ये दाब कायम बाहेरच्या दिशेने नसतो. धक्का गेल्यावर मागे पोकळी येते आणि त्या क्षणी फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. थ्रॉटल बंद असताना ती हवा न जळलेल्या पेट्रोलला भेटली की फटाका. शिवाय हीच हवा लॅम्डा सेन्सरपर्यंत (धुरातला ऑक्सिजन मोजतो तो) मागे गेली तर त्याला वाटतं मिश्रण पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय; ईसीयू पेट्रोल वाढवतो. गाडी प्यायला लागते, मालक म्हणतो ‘फ्री-फ्लो पाईपला अ‍ॅव्हरेज कमीच असतं’. पाईप बिचारा बदनाम, दोष फटीचा.

पॉवरलूमचे सुटे भाग करणारा एक लेथवाला एमआयडीसीतच आहे. दिवसभर लूमचे शाफ्ट आणि बुश उतरवतो. त्याने उतरता मँड्रेल, म्हणजे निमुळता गोल दांडा, करून तोंडात ठोकला, नळी पुन्हा गोल केली, आणि त्याच बैठकीत ३ मिलिमीटर जाड स्टीलची चकतीही कापून दिली. पैसे विचारले तर म्हणाला, ‘गाडीवर एक चक्कर द्या.’ आसरा चौकापर्यंत जाऊन आला. पैसे तरी परवडले असते.

जोडून पुन्हा साबणपाणी. बुडबुडे नाहीत. फटाके जवळपास बंद, उतारावर एखाद-दुसरा.

२६ जानेवारी

झेंडावंदनाआधी बोरामणी. दुसरी अवस्था, नळी उघडी. पाचव्या गिअरमध्ये ५० ते ८०ला कंपनीच्या पाईपशी फरक दोन फ्रेमच्या आत. म्हणजे मी आधीच ठरवलेल्या हिशोबाने फरक नाही. मागून येणारा मित्र छातीठोक सांगत होता की गाडी जोरात सुटली. ‘आवाज ऐकला ना बे मी!’ हेच ते.

वरच्या आरपीएमला, तिसऱ्या गिअरमध्ये काटा ६००० ओलांडतो तिथे, इंजिन खरोखर मोकळं वाटलं. तिथे कॅटचा अडथळा गेल्याचा फायदा असणार. वायू जास्त असला की जाळीतून जायला त्रास जास्त. पण ते मोजायचं तर वेग रस्त्यावर परवानगीपेक्षा वर जातो. डायनो, म्हणजे उभ्या जागी गाडीची ताकद मोजायचं यंत्र, इथे हाताशी नाही. त्यामुळे त्या वाटण्याला आकडा देत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

तिसरी अवस्था. चकती घातली, नळी बंद. मला सर्वात जास्त शिकवलं ते या अवस्थेने.

चालू केल्या केल्या वेगळी गाडी. आयडलला, साधारण १२०० आरपीएमला, प्रत्येक सायलेन्सरला आता आपल्याच सिलिंडरचे धक्के : सेकंदाला दहा. आधी दोन्हीकडून मिळून वीस येत होते. डाव्या बाजूला उभं राहिलं तर एका सिलिंडरची गाडी, उजव्या बाजूला गेलं तर दुसरी तशीच गाडी. मधोमध मागे उभं राहिल्यावर लंगडा ठेका डावीकडून उजवीकडे उड्या मारताना ऐकू येतो. ऐकायला छान आहे, खोटं कशाला बोलू. मोबाइलवर नळी उघडीपेक्षा तीनेक डेसिबल जास्त. त्याहून जास्त जाणवला तो खालचा घुमारा, जो भिंतीतून जातो. शेजारच्या काकू गच्चीतूनच म्हणाल्या, ‘अरे, पहाटे ती ढकलत चौकापर्यंत ने आणि तिकडे चालू कर. नातू उठतो.’ तसं केलं.

बोरामणीला ५० ते ८० : उघड्या नळीपेक्षा स्पष्ट मागे. फ्रेम मोजण्याच्या चुकीच्या पलीकडचा फरक, दोन्ही दिशांना. पण फरक सगळ्या टप्प्यात सारखा नाही. चित्रीकरण थांबवत पाहिलं तर ५० ते ६५ मध्येच गाडी मागे पडते. ६५च्या पुढे काटा दोन्ही चित्रफितींत बरोबरीने चढतो. खालच्या आरपीएमला जोडनळी काम करत होती आणि ती काढल्याबरोबर तेवढाच तुकडा गेला. या इंजिनाची जाहिरातच अशी होती की ८० टक्के टॉर्क २५०० आरपीएमपासून मिळतो. नेमका तिथलाच माल कमी झाला.

९ फेब्रुवारी, रविवार

तुळजापूर. नळी अजून बंद, मागे मेव्हणा बसलेला, तो गाडीला चांगला लोड आहे. तामलवाडी मागे टाकली, तुळजापूरच्या अलीकडे घाट लागला. मुद्दाम चौथ्या गिअरवर, काटा २५०० ते ३००० मध्ये ठेवून चढवली. मध्ये एका वळणाला ट्रकमागे वेग उतरला, पुन्हा उघडली तर इंजिन ढकललं गेल्यासारखं गडगडत वर आलं. गिअर कमी करावा लागला. देवीचं दर्शन घेतलं, खाली पार्किंगमध्ये पाना काढून चकती काढली. पाईप गार होईस्तोवर मेव्हण्याने चहा, भजी आणि माझी अक्कल या तिन्हीचा समाचार घेतला.

मग तोच घाट उतरून पुन्हा चढवला, नळी उघडी, तोच गिअर, मेव्हणा तोच. त्याच वळणानंतर गाडी कुरकुरली नाही, चौथ्यावरच निघाली. घड्याळ लावायची गरज पडली नाही. ‘आता बरी वाटते बघा,’ मागून आवाज आला. त्याला मी काय बदललंय ते सांगितलं नव्हतं. मी पार्किंगमध्ये फक्त काहीतरी ‘घट्ट करतोय’ एवढंच त्याला माहीत.

परतीला हिप्परग्याच्या तलावापाशी वाऱ्याचा जोर होता म्हणून तिथे काही मोजलं नाही.

१३ फेब्रुवारी

कायद्याचं. सेट ठेवायचा की नाही याचा निकाल शेवटी इथेच लागतो. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला मंजुरीच्या चाचणीत ८० डेसिबलची मर्यादा आहे. कंपनीने जी गाडी पास करून घेतली ती कॅटसकट. कॅट कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तिन्ही आवरतो. तो काढून रस्त्यावर फिरणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२)मध्ये येतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, वर तीन महिने लायसन्स जातं. शहरोशहरी पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडलेल्या सायलेन्सरचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. बेंड पाईप सायलेन्सरएवढा डोळ्यांत येत नाही आणि सायलेन्सर कंपनीचेच आहेत, त्यामुळे कोणी अडवणार नाही, असा मित्राचा युक्तिवाद. पकडणार नाही म्हणून चालतं, हा हिशोब मला जमत नाही. प्रयोगापुरता बसवला, प्रयोग झाला.

तसंही मोजलेल्या पट्ट्यात, म्हणजे गावात, हायवेवर ऐंशीपर्यंत आणि घाटात, मोठ्या जोडनळीने कंपनीच्या नळीपेक्षा जास्त काही दिलं नाही. जोडनळी असण्या-नसण्याचा फरक मोठा आहे, नळी लहान-मोठी असण्याचा छोटा. कंपनीने ती उगाच घातलेली नाही. ती वाट अडवते म्हणून काढून सरळ दोन पाईप करून घेणारे आहेत, त्यांनी मागे एक धडधाकट मेव्हणा बसवून तुळजापूरचा घाट चढावा.

१६ फेब्रुवारी, रविवार

कंपनीचा पाईप परत चढवला. पुन्हा नव्या गॅस्केट. आज नळाला पाणी येण्याचा दिवस, त्यामुळे अण्णांकडे जायच्या आधी गाडी धुऊन घेतली. पुढचं पाणी येईपर्यंत धूळ पुन्हा आहेच. साबणपाण्याची परीक्षा कंपनीच्या पाईपलाही दिली. कुठेही बुडबुडा नाही. चालू केल्यावर अण्णा म्हणाले, ‘मुकी झाली की.’ आवाजाचं थोडं वाईट वाटलं, नाही असं नाही.

गॅरेजबाहेर भंगारवाल्याने सेट पाहून आधी विचारलं, ‘कॅट आहे का यात?’ प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियमचा भाव त्याला माझ्यापेक्षा चांगला माहीत. नाही म्हटल्यावर त्याचा रस संपला.

२० फेब्रुवारी

बोरामणीला एक पडताळणी केली. कंपनीचा पाईप, ७ जानेवारीच्या आकड्यांशी एका फ्रेमच्या आत. म्हणजे दीड महिन्यात इंजिन, टायर किंवा माझी पद्धत सरकलेली नाही, मधले आकडे धरायला हरकत नाही. पहाटेचा गारवा मात्र कमी झालाय. मार्चमध्ये हीच तुलना केली असती तर हवेचा हिशोब लावावा लागला असता.

सेट ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्या एकाने मागितलाय, गोल केलेल्या सांध्यासकट आणि चकतीसकट देतोय. त्याला सांगितलंय, चकती घालून आधी एकदा पळवून बघ. माझ्या गाडीच्या पोर्टचे नट गरम-थंड होऊन बसले असतील, रविवारी इंजिन गार असताना पुन्हा आवळायचे आहेत.